जुन्या घरगुती बॅटरीला नवं मॉड्यूल जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: छतावर सोलर, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याला ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची एक लिथियम बॅटरी, तीन वर्षं चाललेली. आता बॅटरीवर रात्र निघत नाही. तिलाच आणखी एक-दोन मॉड्यूल (बॅटरीचे जोडता येणारे डबे) जोडावीत का, दुसऱ्या कंपनीची चालतील का, आणि जोडताना काय सांभाळायचं?

जोडता येतात, आणि नीट जोडली तर वर्षानुवर्षं मुकाट्यानं काम करतात. पण बहुतेक जण फक्त "किती युनिट वाढतील" एवढंच बघतात. माझ्या मते सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे जुनं आणि नवं मॉड्यूल करंट आपसात कसा वाटून घेणार. वाढवलेल्या सिस्टीमचं आयुष्य, तिची सुरक्षितता आणि प्रत्यक्षात हाती किती युनिट लागतात, हे सगळं त्या वाटणीवर अवलंबून असतं. पुढचं बरंचसं उत्तर त्याबद्दलच आहे.

त्याआधी, तुम्हाला युनिट कमी पडताहेत की वॅट, हे नक्की करा. पहाटे दोनला बॅटरी संपते, हा युनिटचा प्रश्न आहे आणि तो नव्या मॉड्यूलनं सुटतो. एसी आणि इंडक्शन शेगडी एकदम लावली की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, हा वॅटचा प्रश्न आहे. इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा असेल तर मागे चार मॉड्यूल लावली तरी तो ५ किलोवॅटच देणार. टेस्लाच्या पॉवरवॉल ३ या घरगुती बॅटरीला प्रत्येकी १३.५ युनिट साठवणारे जास्तीत जास्त तीन जोड-डबे लावता येतात, तिथेही हेच घडतं. साठा वाढतो, पण त्या जोड-डब्यांमध्ये इन्व्हर्टर नसल्यामुळे ताकद मूळ बॅटरीचीच राहते. याला एक अपवाद आहे. काही १०० अँपिअर-तासाच्या मॉड्यूलना उत्पादकानं सलग ५० अँपिअरचीच मर्यादा घातलेली असते. मग एका मॉड्यूलवर तुमचा इन्व्हर्टर अडीच किलोवॅटच्या आसपास अडतो, आणि दुसरं मॉड्यूल लावल्यावर त्याला पहिल्यांदा पूर्ण ताकद वापरता येते. मॉड्यूलच्या डेटाशीटवर "कंटिन्युअस" म्हणून जो आकडा असतो तो बघा. "पीक" हा काही सेकंदांचा आकडा असतो.

युनिटचाच प्रश्न असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपमधले मागचे आकडे उघडा. तीन गोष्टी शोधा: बॅटरी दिवसा किती वाजता १०० टक्क्यांवर जाते, त्यानंतर संध्याकाळपर्यंत किती युनिट ग्रिडला जातात किंवा वाया जातात, आणि रात्री बॅटरी खालच्या मर्यादेला टेकल्यापासून ऊन येईपर्यंत ग्रिडमधून किती युनिट घेतले जातात. समजा बॅटरी साडेअकराला भरते, नंतर ६ युनिट शिल्लक राहतात, आणि रात्री एकनंतर ग्रिडमधून ३ युनिट लागतात. मग दुसऱ्या ५ युनिटच्या मॉड्यूलमधले रोज ३ युनिट वापरले जातील, आणि तिसरं मॉड्यूल नुसतं भरून बसेल. भरलेल्या अवस्थेत बसून राहणं लिथियम सेलला मानवत नाही. वापर नसला तरी जास्त चार्ज आणि जास्त तापमान यांनी सेल म्हातारा होतोच. आणि ढगाळ दिवसांत बॅटरी ६० टक्क्यांपर्यंतच जात असेल, तर त्या दिवसांत अडचण साठ्याची नाही, उत्पादनाची आहे. तिथे पैसे पॅनेलवर घालावेत.

दुसरं मॉड्यूल घेण्यामागे एक कारण असंही आहे, जे ॲपच्या आकड्यांत दिसत नाही. तुमचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला बॅटरीतून साधारण ११० अँपिअर ओढतो. एकाच १०० अँपिअर-तासाच्या मॉड्यूलवर हा भार म्हणजे त्याची जवळजवळ दमछाक. दोन मॉड्यूलमध्ये तो वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला ५५ अँपिअर येतात, आणि उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे प्रत्येक मॉड्यूलमधली उष्णता एक चतुर्थांशावर येते. म्हणजे जोडणी योग्य असेल तर नव्या मॉड्यूलमुळे जुन्याचं आयुष्य वाढतं.

आता सिरीज आणि पॅरलल. घरगुती बॅटरीचे ढोबळमानानं दोन प्रकार असतात. तुमच्यासारख्या ४८ किंवा ५१.२ व्होल्टच्या सिस्टीममध्ये मॉड्यूल पॅरलल जोडतात: व्होल्टेज तेवढंच राहतं, अँपिअर-तास वाढतात. दुसरा प्रकार हाय-व्होल्टेज टॉवरचा. त्यात मॉड्यूल एकावर एक रचतात, आतून ती सिरीजमध्ये जोडली जातात, आणि प्रत्येक नव्या मॉड्यूलबरोबर एकूण व्होल्टेज चढत जातं. जुन्यात नवं मिसळण्याच्या दृष्टीनं या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि "वाढवता येणारी बॅटरी" या एका शब्दाखाली दोन्ही विकली जातात म्हणून घोळ होतो.

सिरीजमध्ये सगळ्या मॉड्यूलमधून एकच करंट वाहतो. त्यामुळे सर्वांत अशक्त मॉड्यूल रिकामं झालं की सगळा टॉवर थांबतो. तीन मॉड्यूलची क्षमता वापरानं ९० टक्क्यांवर आली असेल आणि चौथं कोरं लावलं, तर चौथ्याचेही ९० टक्केच वापरता येतात. त्याहून त्रासदायक गोष्ट चार्जच्या पातळीची. जुनी मॉड्यूल ६० टक्क्यांवर असताना नवं ३० टक्क्यांवरचं मध्ये घातलं, तर १०० अँपिअर-तासाच्या सेलमध्ये ३० अँपिअर-तासाची तफावत पडते. ती भरून काढायला बीएमएसकडे (मॉड्यूलमधल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या आणि गरज पडली तर सर्किट तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सकडे) असतो बॅलन्सिंगचा, म्हणजे सेल एका पातळीवर आणण्याचा करंट, बऱ्याच बीएमएसमध्ये तो १०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. गणित सरळ आहे: ३० भागिले ०.१, म्हणजे ३०० तास. आणि बॅलन्सिंग तर बॅटरी जवळजवळ भरल्यावरच चालू होतं, दिवसाला फार तर तास-दोन तास. तोवर महिनोन्‌महिने टॉवर अर्धवट भरतो आणि अर्धवट रिकामा होतो. म्हणून हाय-व्होल्टेज टॉवर वाढवण्यापूर्वी उत्पादकानं सांगितलेल्या टक्क्यांवर सगळी मॉड्यूल आणणं ही औपचारिकता समजू नका.

टॉवरला वरच्या बाजूलाही मर्यादा असते. बीवायडी कंपनीच्या बॅटरी-बॉक्स प्रीमियम एचव्हीएस टॉवरमध्ये २ ते ५ मॉड्यूल बसतात, एचव्हीएममध्ये ३ ते ८. टॉवर पॅरलल करायचे असतील तर प्रत्येक टॉवरमध्ये मॉड्यूलची संख्या सारखी लागते. शिवाय इन्व्हर्टरच्या बॅटरी-इनपुटची स्वतःची व्होल्टेज-मर्यादा असते ती वेगळीच. २०० ते ५०० व्होल्ट डीसी असलेल्या टॉवरला घरच्या घरी हात लावू नये. त्या व्होल्टेजला चुकीला दुसरी संधी नाही. ते काम त्या उत्पादकाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचंच.

तुमची बॅटरी पॅरलल प्रकारची आहे, त्यामुळे तुमचं काम पुष्कळ सोपं आहे. पॅरललमध्ये जुन्या मॉड्यूलची क्षमता ९० टक्के आणि नव्याची १०० टक्के असेल तर एकूण जवळपास १९० टक्के मिळते. कुणी कुणाला खाली ओढत नाही. मात्र काही गोष्टी एकसारख्या असायलाच हव्यात. सेलची केमिस्ट्री एक हवी: लिथियम आयर्न फॉस्फेटबरोबर निकेल-मँगनीज-कोबाल्टचं मॉड्यूल नको, आणि लेड-ॲसिड तर मुळीच नको. सिरीजमधल्या सेलची संख्याही एक हवी. इथे माणसं हमखास फसतात, कारण बाजारात "४८ व्होल्ट" म्हणून १५ सेलचं आणि १६ सेलचं अशी दोन्ही मॉड्यूल मिळतात. आयर्न फॉस्फेटच्या एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.२. म्हणून १५ सेलचं मॉड्यूल ४८ व्होल्टचं, १६ सेलचं ५१.२ व्होल्टचं. पायलॉनटेक या बॅटरी कंपनीची यूएस मालिका १५ सेलची आहे आणि ती सुमारे ५३.२ व्होल्टवर भरते. तिच्या शेजारी तुमचं १६ सेलचं मॉड्यूल लावलं आणि ५३.२ वर चार्ज केलं, तर तुमच्या प्रत्येक सेलला ३.३३ व्होल्टच मिळतात, तो कधी पूर्ण भरतच नाही आणि बॅलन्सही होत नाही. उलट ५६.८ व्होल्ट दिले तर १५ सेलवाल्याच्या प्रत्येक सेलवर ३.७९ व्होल्ट येतात. सेलची कमाल मर्यादा ३.६५ आहे. त्याचा बीएमएस सर्किट तोडेल, रोज तोडेल, आणि एक दिवस तोडणार नाही.

कंपनी वेगळी चालेल का? सेलची संख्या आणि केमिस्ट्री तीच असेल तर विजेच्या दृष्टीनं चालतं. अडतं ते संवादाच्या बाबतीत. मी स्वतः, पर्याय असेल तर, वेगळ्या कंपनीचं मॉड्यूल लावायला सांगत नाही. त्याच कंपनीच्या जुन्या-नव्या मॉडेलचं मिश्रण मात्र अनेकदा अधिकृतपणे मान्य असतं, आणि त्याचे नियम कागदावर असतात. पायलॉनटेकमध्येच यूएस५०००, यूएस३०००सी आणि यूएस२०००सी एकत्र चालतात, पण मास्टर (इन्व्हर्टरशी बोलणारं मुख्य मॉड्यूल) म्हणून यूएस५०००, मग यूएस३०००सी, मग यूएस२०००सी असा क्रम ठेवावा लागतो. नव्याच्या फर्मवेअरला जुन्याची भाषा येते, जुन्याला नव्याची येत नाही.

आता वाटणीकडे येतो. आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेजचा आलेख मध्ये जवळजवळ सपाट असतो. ४० टक्क्यांना सेल साधारण ३.२८ व्होल्ट दाखवतो, ७० टक्क्यांना ३.३१. सोळा सेलच्या मॉड्यूलमध्ये हा सगळा फरक अर्ध्या व्होल्टचा. या सपाट भागात व्होल्टेज दोन मॉड्यूलना एका पातळीवर ओढून आणू शकत नाही. करंट कसा वाटला जाईल हे ठरवतो त्यांचा अंतर्गत रोध आणि केबलचा रोध. नव्या मॉड्यूलचा रोध कमी, म्हणून सुरुवातीला तेच जास्त करंट देतं आणि काही टक्क्यांनी पुढे जातं. रिकामं होण्याच्या टोकाला आलेख एकदम खाली वळतो. तिथे नव्याचं व्होल्टेज आधी पडतं आणि इतका वेळ निवांत असलेलं जुनं मॉड्यूल अचानक मोठा वाटा उचलू लागतं.

हे कागदावर किरकोळ वाटतं, पण त्या टोकाला रात्रीचा मोठा लोड चालू असेल तर असं होतं: एका मॉड्यूलचा बीएमएस कमी व्होल्टेजमुळे बाहेर पडतो, सगळे ९०-१०० अँपिअर दुसऱ्यावर येतात, त्याचा बीएमएस जादा करंटमुळे बाहेर पडतो, आणि ॲप १४ टक्के शिल्लक दाखवत असताना घर अंधारात जातं. मिश्र वयाच्या मॉड्यूलमध्ये म्हणून इन्व्हर्टरची खालची मर्यादा २० टक्क्यांवर ठेवावी असं माझं ठाम मत आहे. शेवटचे दहा टक्के पिळून काढण्यासाठी सगळी शिस्त पणाला लावण्यात अर्थ नाही.

जोडण्यापूर्वी जुन्या मॉड्यूलची तपासणी करा. एकदा १०० टक्के भरून, एकसारख्या लोडवर, म्हणजे समजा हजार वॅटच्या आसपास, खालच्या मर्यादेपर्यंत उतरवा आणि किती युनिट निघाले ते मोजा. बीएमएस जो "हेल्थ" टक्का दाखवतो तो बहुधा सायकल मोजून काढलेला अंदाज असतो. प्रत्यक्ष निघालेले युनिट खरं बोलतात. चार्ज संपत आल्यावर आणि पूर्ण भरताना प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघा. मधल्या भागात सेलमध्ये १०-२० मिलिव्होल्टचा फरक असणं सामान्य आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका. भरताना एकच सेल दरवेळी सगळ्यांच्या पुढे पळत असेल, किंवा रिकामं होताना तोच दरवेळी आधी कोसळत असेल, तर त्या मॉड्यूलला आधी बरं करा किंवा बदला. आजारी मॉड्यूलच्या शेजारी नवं लावलं की काही महिने दुखणं झाकलं जातं, एवढंच.

मग येतो जोडणीचा दिवस, आणि त्यात सर्वांत महत्त्वाची पायरी, व्होल्टेज जुळवणं. नवं मॉड्यूल कारखान्यातून अर्धवट चार्ज होऊन येतं, समजा ५१.८ व्होल्टवर. तुमचं जुनं दुपारी पूर्ण भरलेलं, ५३.८ वर. फरक फक्त २ व्होल्ट. पण दोन मॉड्यूल आणि केबल मिळून सर्किटचा रोध ४० मिलिओहमच्या आसपास असतो. २ भागिले ०.०४, म्हणजे ५० अँपिअर, कुठलाही लोड नसताना, टर्मिनल टेकवताक्षणी. ठिणगी उडते, बीएमएस ट्रिप होतो, कधी त्याचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात. मॉस्फेट बहुधा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे ते मॉड्यूल चालू राहतं पण संरक्षणाशिवाय. हे वरून कळत नाही, म्हणून जास्त धोकादायक.

पद्धत अशी ठेवा. आधी जुनं मॉड्यूल एकट्याला १०० टक्के भरा आणि तासभर तिथेच राहू द्या. ते बंद करून सोडवा. नवं मॉड्यूल एकटंच इन्व्हर्टरला लावा आणि तेही १०० टक्के भरा. दोन्ही तास-दोन तास तशीच सोडा, मग एकाच मल्टिमीटरनं दोन्हींची टर्मिनल मोजा. फरक ०.१ व्होल्टच्या आत आला की जोडा. मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. "दोन्ही ५० टक्क्यांवर आहेत, व्होल्टेजही सारखं आहे" एवढ्यावर जोडू नका. वर सांगितलेल्या सपाट आलेखामुळे मधल्या भागात सारखं व्होल्टेज म्हणजे सारखा चार्ज असं होत नाही. भरलेल्या टोकाला मात्र दोघांचं खरं रूप दिसतं. काही नवी मॉड्यूल स्वतःहून हळूहळू जुळवून घेतात, त्यांच्यात करंट मर्यादित करणारं सर्किट असतं. ती सोय तुमच्या जुन्या मॉड्यूलमध्येही आहे का, हे तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

केबलिंग हा या कामाचा आत्मा आहे. दोन मॉड्यूल असतील तर इन्व्हर्टरची पॉझिटिव्ह एका मॉड्यूलवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्यावरून घ्यायची, म्हणजे तिरकी. दोन्ही पहिल्यावरूनच घेतल्या तर काय होतं ते आकड्यांत बघा. तीन मॉड्यूल, प्रत्येकाचा रोध २० मिलिओहम, मधल्या प्रत्येक जोडतुकड्याचा १ मिलिओहम, आणि इन्व्हर्टर ओढतोय १२० अँपिअर. दोन्ही केबल पहिल्या मॉड्यूलवर असतील तर करंट ४६, ३९ आणि ३५ असा वाटला जातो. पहिलं मॉड्यूल तिसऱ्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश जास्त राबतं, रोज, दहा वर्षं. तिरकी जोडणी केली की तिघांच्या वाट्याला ३९ ते ४१ येतात. खर्च शून्य. तीनपेक्षा जास्त मॉड्यूल असतील तर बसबार (सगळ्या केबल एकत्र जोडायची धातूची पट्टी) लावा आणि प्रत्येक मॉड्यूलपासून बसबारपर्यंतची केबल अगदी सारख्या लांबीची ठेवा. जवळच्या मॉड्यूलची केबल लांब वाटली तरी कापू नका.

वरच्या हिशोबात १ मिलिओहमला एवढी किंमत आहे, तर सैल बोल्ट किंवा हातानं दाबलेला लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) काय करेल याचा विचार करा. एका घरात दोन जुळी मॉड्यूल होती, एकाच दिवशी लावलेली. एक ५० अँपिअर देत होतं, दुसरं १८. सगळ्यांना बॅटरीच खराब वाटत होती. क्लॅम्प मीटर लावून लोडखाली लगच्या दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजलं, तर एका लगवरच जवळजवळ अर्धा व्होल्ट पडत होता. आतल्या तांब्याच्या तारा लगमध्ये पूर्ण गेल्याच नव्हत्या, वरून उष्णतेची नळी चढवलेली असल्यामुळे दिसत नव्हतं. लग बदलला, वाटणी जवळपास सारखी झाली. म्हणून हायड्रॉलिक क्रिम्पर वापरा, बोल्ट टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा, आणि पूर्ण लोडवर अर्धा तास चालवून प्रत्येक जोड थर्मल कॅमेऱ्यानं तपासा. कॅमेरा नसेल तर प्रत्येक जोडावरचा व्होल्टेज-ड्रॉप मोजा, तोही पुरतो.

फ्यूजबद्दल थोडं सविस्तर, कारण मॉड्यूल वाढवताना याकडे हमखास दुर्लक्ष होतं. एका मॉड्यूलचा अंतर्गत रोध १५ मिलिओहम धरला तर शॉर्ट सर्किटमध्ये ५१.२ भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे ३,४०० अँपिअर वाहू शकतात. तीन मॉड्यूल पॅरलल असली की १०,००० च्या वर. फ्यूजवर लिहिलेले १२५ किंवा २०० अँपिअर हे तो कधी वितळेल ते सांगतात. तो किती करंट खरोखर तोडू शकेल, हा वेगळा आकडा असतो. गाड्यांमध्ये वापरतात त्या मेगा फ्यूजची तोडण्याची क्षमता २,००० अँपिअरच्या आसपास असते. टी-क्लास फ्यूजची २०,००० अँपिअर डीसी. एका छोट्या मॉड्यूलला जे कसंबसं चाललं असतं, ते तीन मॉड्यूलना चालणार नाही. फ्यूज वितळेल, पण आतली ठिणगी विझणार नाही. आणि एक मुख्य फ्यूज पुरेसा नाही. एका मॉड्यूलमध्ये बिघाड झाला तर बाकीची मॉड्यूल त्याच्यात करंट ओततात, तो करंट मुख्य फ्यूजमधून जातच नाही. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा फ्यूज हवा.

ब्रेकर डीसीचाच घ्या, आणि ज्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्हची दिशा नाही असा घ्या. सोलर पॅनेलसाठीचे बरेच डीसी ब्रेकर एका दिशेच्या करंटसाठी बनवलेले असतात. बॅटरीत तर करंट दिवसा एका दिशेनं वाहतो आणि रात्री उलट. उलट्या दिशेला असा ब्रेकर उघडला तर ठिणगी विझवणारं चुंबक तिला विझवण्याऐवजी आत ढकलतं.

मुख्य केबलबद्दलही एक बारकावा आहे. आजवर तुमच्या एका मॉड्यूलनं ५० किंवा ८० अँपिअरवर स्वतःला अडवलं असेल, तर त्या केबलनं तेवढाच करंट पाहिलाय. दुसरं मॉड्यूल आलं की अडवणारं कुणी राहत नाही, इन्व्हर्टर आपले ११०-१२० अँपिअर मागणार. केबल आणि मुख्य फ्यूज त्या आकड्याला बसतात का ते बघा. बऱ्याच घरांत बसत नाहीत.

संवादाची बाजू तुलनेनं सोपी आहे. एक मॉड्यूल मास्टर, बाकीची स्लेव्ह. मॉड्यूलमागच्या छोट्या डीआयपी स्विचनं प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यायचा, मॉड्यूल-मॉड्यूलमध्ये आरएस-४८५ किंवा कॅनची केबल, आणि फक्त मास्टर इन्व्हर्टरशी बोलतो. केबलची टोकं इंटरनेटच्या केबलसारखी दिसतात म्हणून कुठलीही केबल खुपसू नका. प्रत्येक कंपनीत तारांचा क्रम वेगळा असतो. सगळं चालू केल्यावर इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर एकूण क्षमता २०० अँपिअर-तास आणि चार्ज-करंटची मर्यादा दुप्पट झालेली दिसली पाहिजे. १०० च दिसत असेल तर दुसऱ्या मॉड्यूलचा पत्ता लागलेला नाही. ते केबलनं जोडलेलं असल्यामुळे काम करत राहील, पण त्याच्या बीएमएसनं "थांबा" म्हटलं तर ते इन्व्हर्टरपर्यंत पोचणार नाही.

वेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल लावणारे बरेचदा संवाद बंद ठेवून इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवर चालवतात. करायचंच असेल तर १६ सेलसाठी चार्ज ५५.२ ते ५६ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज) ५३.६ च्या आसपास आणि डिस्चार्ज ४८ व्होल्टला बंद, अशी सावध मर्यादा ठेवा. पण मग टक्केवारीवर विश्वास ठेवता येत नाही, आणि शून्य अंशाखाली चार्ज न करण्यासारखे निर्णय पूर्णपणे बीएमएसनं सर्किट तोडण्यावर सोपवले जातात. मला ही रचना आवडत नाही.

तुमच्या मॉडेलचं उत्पादन बंद झालं असेल, किंवा जुनं मॉड्यूल तपासणीत फारच थकलेलं निघालं, तर दुसरा मार्ग आहे: नवी बॅटरी तिच्या स्वतःच्या इन्व्हर्टरसह एसी बाजूला, म्हणजे घराच्या वायरिंगला जोडणं. जुनं-नवं डीसीला भेटतच नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न मिटतो. नवा प्रश्न येतो नियंत्रणाचा. दोन्ही इन्व्हर्टर एकाच ठिकाणचा करंट मोजत असतील आणि दोघांनाही ग्रिडचा वापर शून्यावर आणायचा असेल, तर एक जरा जास्त देतो, दुसऱ्याला ती शिल्लक वाटते आणि तो ती साठवून घेतो. रात्रभर एक बॅटरी दुसरीला भरत बसते आणि प्रत्येक फेरीत वीज जाते. एकाच कंपनीचे इन्व्हर्टर एकमेकांना जोडून हे टाळता येतं. नाहीतर करंट सेन्सर अशा जागी लावायचा की एका इन्व्हर्टरला दुसऱ्याचं देणं-घेणं दिसणारच नाही.

जागेबद्दल: नवं मॉड्यूल जुन्याच्या शेजारीच ठेवा. एक गरम भिंतीला आणि दुसरं सावलीत असेल तर दोघांचा रोध वेगळा, म्हातारपणही वेगळं. ५ युनिटचं मॉड्यूल ४५-५० किलोचं असतं, भिंतीवर टांगणार असाल तर भिंत आधी तपासा. साठा वाढला की सुरक्षेचे नियमही बदलू शकतात. उदाहरणार्थ अमेरिकेच्या एनएफपीए ८५५ या अग्निसुरक्षा मानकात एका बॅटरीला २० किलोवॅट-तास (म्हणजे २० युनिट) आणि घरातल्या जागेप्रमाणे एकूण साठ्याला वेगवेगळी मर्यादा आहे. तुमच्याकडच्या वीज वितरण कंपनीची आणि विमा कंपनीची अट आधी विचारा. वॉरंटीच्या कागदावर दोन वाक्यं शोधा: मूळ बॅटरी लावल्यापासून किती काळात विस्तार करता येतो, आणि जोड-मॉड्यूलची वॉरंटी तिच्या स्वतःच्या तारखेपासून चालू होते की मूळ सिस्टीमच्या.

तुमच्या जागी मी असतो तर त्याच कंपनीचं, १६ सेलचं, १०० अँपिअर-तासाचं एकच मॉड्यूल घेतलं असतं, फ्यूज आणि मुख्य केबल बदलली असती, आणि पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरू देऊन दोन्ही मॉड्यूलचा करंट स्वतंत्रपणे बघितला असता. दोघांत १०-१५ टक्क्यांपर्यंत फरक असला तर काळजी नाही. त्याहून जास्त असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर आधी लग आणि बोल्ट, मग सेल. तिसऱ्या मॉड्यूलचा निर्णय वर्षभराचे आकडे हाती येईपर्यंत घेऊ नका. ढगाळ महिन्यांतही दुपारी दोनच्या आत दोन्ही मॉड्यूल भरत असतील आणि पहाटे खालची मर्यादा लागत असेल, तरच त्याला काम आहे.